भुलीतल्या उंदराच्या ॲस्ट्रोसाइट गप्प का असतात?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने विचारलं आहे : "मॅडम, मेंदूच्या पातळ कापांमध्ये ॲस्ट्रोसाइट पेशी (न्यूरॉनच्या जोडीला असणाऱ्या ग्लिया पेशींपैकी एक प्रकार) जूनमधल्या काजव्यांसारख्या चमकताना मी पाहिल्या. तोच विषाणू, त्यातून तेच जीकॅम्प६ (कॅल्शियम वाढला की उजळणारं प्रथिन) जिवंत उंदरात घातलं, कवटीला काचेची खिडकी बसवली, आयसोफ्लुरेनची भूल देऊन टू-फोटॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. वीस मिनिटांत दोन-तीन पेशी जेमतेम लुकलुकल्या. विषाणू वाया गेला का? लेझर वाढवू का? आणि न्यूरॉनसाठी वापरतो ते सॉफ्टवेअर इथे चालेल का?"

बाय, लेझर आधी होता तिथेच ठेव. तुझा विषाणू बहुधा ठीक आहे. तुझ्या पेशी गप्प आहेत कारण तू उंदराला झोपवलं आहेस, आणि ज्या दोन-तीन बोलल्या त्यांचंही बरंचसं बोलणं तू पाहतेस त्या जागी होत नाही. चौदा वर्षं हे काम केल्यावर मला एकच गोष्ट पक्की कळली आहे : जिवंत प्राण्यात ॲस्ट्रोसाइटचा कॅल्शियम मोजायचा तर आधी त्या प्राण्याची अवस्था मोजावी लागते. उंदीर जागा आहे का, घाबरला आहे का, धावतो आहे का, पेंगतो आहे का, याची नोंद शेजारी नसेल तर पडद्यावरच्या चमकेला काही अर्थ लावता येत नाही.

भुलीचं आधी सांगते. २०१२ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाच्या गटाने जाग्या उंदरांच्या मेंदूत पाहिलं आणि मग त्यांनाच भूल दिली. आयसोफ्लुरेन, केटामिन-झायलाझिन, युरेथेन, तिन्हींनी ॲस्ट्रोसाइटचा कॅल्शियम दाबला, तोही न्यूरॉन बऱ्यापैकी उत्तर देत असताना. कारण समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. ॲस्ट्रोसाइटमध्ये मोठी लाट उठते ती मुख्यतः पेशीच्या आतल्या साठ्यातून. बाहेरून नॉरॲड्रेनालिन किंवा ग्लुटामेट यांसारखं संदेश नेणारं रसायन येऊन पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनावर, बसतं, आत आयपी३ नावाचा रेणू तयार होतो, तो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरच्या, म्हणजे त्या साठ्याच्या, दाराशी जातो आणि तिथून कॅल्शियम बाहेर पडतो. जाग्या उंदरात या सगळ्याला धक्का देणारा मुख्य हात असतो मेंदूच्या बुडाशी असलेल्या लोकस सेरुलियस या इवल्याशा केंद्राचा. तिथले धागे जवळजवळ साऱ्या कॉर्टेक्सभर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरभर, पसरलेले असतात आणि प्राणी दचकला, सावध झाला, धावायला लागला की ते नॉरॲड्रेनालिन सोडतात. भुलीत हे केंद्र मंदावतं. दार वाजवणाराच कोणी नसेल तर ॲस्ट्रोसाइटने कशाला उठावं!

मग कापात त्या इतक्या का चमकत होत्या? कापासाठी आपण बहुतेकदा कोवळी पिल्लं घेतो. एमग्लूआर५ हा ग्लुटामेटचा रिसेप्टर पिल्लांच्या ॲस्ट्रोसाइटवर भरपूर असतो आणि तीन आठवड्यांनंतर खूप कमी होतो. २०१३ साली हे स्पष्टपणे दाखवलं गेलं, आणि त्याआधीच्या पुष्कळ निष्कर्षांकडे सगळ्यांना नव्याने पाहावं लागलं. शिवाय काप म्हणजे पात्याने कापलेली, जखमी ऊती. म्हणून कापातली वर्दळ हे मूळ सत्य आणि जिवंत उंदीर त्याची नक्कल, असा हिशेब धरू नकोस. प्रौढ, जाग्या उंदरात जे दिसेल ते तुझं मोजमाप.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही जाग्या उंदरांवर काम सुरू केलं होतं. उंदीर चाकावर उभा, डोकं पट्टीला पक्कं, समोर अंधार. पडद्यावर वीसेक ॲस्ट्रोसाइट. बराच वेळ शांतता, मग अचानक सगळ्या एकदम उजळायच्या. आधी पेशींच्या फांद्या भरायच्या, मग मधलं शरीर, आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळं पुन्हा काळवंडायचं. चाकाची नोंद सपाट, म्हणजे उंदीर धावलेला नव्हता. आम्हाला वाटलं, पेशींचं जाळं आपोआप ताल धरतंय. पोस्टरचा मजकूरही लिहायला घेतला होता. माझ्या विद्यार्थ्याने त्या दिवशी सहज टेबलावर मोबाइल ठेवून व्हिडिओ घेतला होता, तो रात्री पुन्हा लावला तेव्हा आवाज ऐकू आला. चवथीचे दिवस होते, खालच्या वाड्यावर फटाके वाजत होते. आम्ही प्रत्येक बाराची वेळ कागदावर मांडली आणि पेशींचा आलेख शेजारी ठेवला. प्रत्येक बारानंतर साधारण दोन सेकंदांनी लाट. पुढच्याच बाराला लाट लहान, कारण एका मोठ्या लाटेनंतर या पेशींना सावरायला वेळ लागतो. बंद दारं, जाड भिंती, आम्हाला कानाला काही जाणवलंही नव्हतं. उंदराला जाणवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या मायक्रोस्कोपशेजारी एक साधा माइक लागला, तो आजही आहे.

म्हणून तुझ्या मांडणीत लेझरइतकंच महत्त्व याला दे : चाकाचा वेग, उंदराच्या तोंडावर आणि डोळ्यावर इन्फ्रारेड कॅमेरा, आणि माइक, सगळं एकाच घड्याळावर. डोळ्याची बाहुली फार बोलकी असते. ती रुंदावली की नॉरॲड्रेनालिन वर जातंय असं समजायला हरकत नाही. ती हळूहळू टाचणीच्या टोकाएवढी झाली की उंदीर पेंगतोय. चाकावर उभं राहून उंदीर खरोखर झोपतात, आणि झोपेत ॲस्ट्रोसाइटचा कॅल्शियम खाली जातो. ते न पाहता तू "जागा उंदीर" असं लिहिलंस तर ते खोटं ठरेल.

उंदराला सवय लावण्यात घाई नको. पहिले दोन-तीन दिवस नुसता हातात घे, तळहातावर फिरू दे. मग चाकावर मोकळा सोड. मग डोकं बांधून पाच मिनिटं, दहा, पंधरा, असं वाढवत आठ-दहा दिवसांत पाऊण तासावर ये. उंदीर निशाचर, तेव्हा त्यांच्या खोलीचा दिवस-रात्रीचा क्रम उलटा करून घे. म्हणजे तुझी दुपार ती त्याची रात्र होईल आणि तो आपणहून धावेल. घाबरलेल्या उंदराचा मेंदू आधीच नॉरॲड्रेनालिनने भरलेला असतो, त्यात तू हवेचा झोत मारलास तरी नवं काही उठत नाही. आणि घाबरलेला प्राणी बांधून ठेवणं मुळात चूक आहे, आकडे चांगले आले तरी.

आता शस्त्रक्रिया. इथे मी थांबून बोलणार आहे, कारण बहुतेकांचा प्रयोग इथेच बिघडतो आणि कळतं महिन्याने. न्यूरॉनवाले एखाद्या किरकोळ जखमेकडे दुर्लक्ष करून निभावून नेऊ शकतात, तुला ते परवडणार नाही. जखम झाली की सर्वांत आधी बदलतात त्या ग्लिया पेशी, म्हणजे ज्यांना तू पाहायला आली आहेस त्याच. २००७ साली एका अभ्यासात कवटी उघडून केलेली खिडकी आणि कवटी नुसती पातळ करून केलेली खिडकी यांची तुलना झाली. उघडलेल्या कवटीखाली ग्लिया जास्त चेतल्या होत्या आणि न्यूरॉनवरचे काटेही (जिथे दुसऱ्या न्यूरॉनचे संदेश पोचतात ते बारीक उंचवटे) जास्त वेगाने येत-जात होते. म्हणून उघडायची असेल तर हात हलका हवा. ड्रिलचं टोक एका जागी दोन सेकंदांहून जास्त ठेवू नकोस. दर थोड्या वेळाने थंड सलाइन टाक. हाड तापलं की खालची ऊती भाजते आणि वरून काहीच दिसत नाही. हाड पुरेसं पातळ झालं की ओल्या हाडातून रक्तवाहिन्या ठसठशीत दिसायला लागतात. चिमट्याने हळूच दाबलं तर मधला गोल किंचित लवतो. तेव्हाच, सलाइनच्या थेंबाखाली, तो एका कडेने उचल. ड्युराला, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाला, ओरखडाही नको. रक्ताचा बारीक ठिपका दिसला तर जेलफोम (रक्त थांबवणारा स्पंज) ठेवून थांब, पुसू नकोस. भुलीबरोबर वेदनाशामक द्यायचंच. ती औषधं ग्लियावर परिणाम करतात म्हणून काही जण टाळतात, हे मला मान्य नाही. वेदनेचाही ग्लियावर परिणाम होतोच, आणि तुझ्या संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने मंजूर केलेल्या आराखड्यात वेदनाशामक लिहिलेलं असतं ते पाळण्यासाठी.

गोव्यात दोन गोष्टी वेगळ्या त्रास देतात. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला साधा चटकन चिकटणारा गोंद, ओलाव्याने घट्ट होतो. जुलैत तो नळीच्या तोंडाशीच धरतो. उलट दातांच्या सिमेंटला कवटी पूर्ण कोरडी लागते, आणि आपल्या हवेत ती कोरडी झाल्यासारखी वाटते पण झालेली नसते. मग चौथ्या दिवशी उंदीर चाकावर आणि डोक्याची पट्टी तुझ्या हातात. शस्त्रक्रियेच्या खोलीत डिह्युमिडिफायर तासभर आधी लाव. दुसरी गोष्ट बुरशीची. आमच्या एका महागड्या ऑब्जेक्टिव्हच्या, म्हणजे मायक्रोस्कोपच्या नमुन्याकडच्या भिंगाच्या, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आले ते एका पावसाळ्यात, वीज वाचवायची म्हणून शनिवार-रविवार एसी बंद ठेवल्याने. गार काचेवर दमट हवा आली की दव धरतं, दवावर बुरशी. ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेलच्या डब्यात ठेव, आणि एसी सोमवारपर्यंत चालू राहू दे.

खिडकी बसल्यावर तीन आठवडे वाट पाहा. जीकॅम्प पेशीत भरायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. विषाणू मात्र बेताने घाल. ॲस्ट्रोसाइटसाठी एएव्ही५ हा विषाणू आणि जीएफएपी या ॲस्ट्रोसाइटच्या जनुकाचा छोटा प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) ही नेहमीची जोडी. त्याची मात्रा जास्त झाली तर पेशी फुगून चेततात आणि चमकतातही छान, म्हणून फसायला होतं. याची परीक्षा सोपी आहे. शेवटी मेंदूचे काप कर, जीएफएपी प्रथिनाचा रंग दे (चेतलेल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये ते वाढतं) आणि खिडकीखालचा भाग दुसऱ्या बाजूच्या त्याच भागाशी ताडून पाहा. निरोगी उंदराच्या कॉर्टेक्समध्ये जीएफएपी फार थोड्या ॲस्ट्रोसाइटमध्ये दिसतं. तुझ्या बाजूला सगळ्याच झगमगत असतील तर तो उंदीर बाद.

पेशी ओळखायला कोणी एसआर१०१ हा लाल रंग सुचवेल. २००४ मध्ये तो आला तेव्हा मोठी सोय झाली, मीही खूप वापरला. पण तो न्यूरॉनना अतिउत्तेजित करू शकतो, अगदी झटक्यांसारखी हालचाल निर्माण होईपर्यंत. तुझा विषाणू पेशी नेमक्या ओळखतो आहे, तेव्हा त्याची गरज नाही.

आता लेझरच्या प्रश्नाकडे. टू-फोटॉनची करामत अशी की रंगद्रव्याच्या रेणूने दोन फोटॉन एकाच क्षणी घेतले तरच तो उजळतो, आणि ही शक्यता प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गाने वाढते. म्हणून प्रकाश फक्त नाभीवर लागतो, वर-खाली अंधार राहतो. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिक्लर आणि वेब यांनी हे दाखवलं. त्याच वर्षी कॉर्नेल-बेल आणि सहकाऱ्यांनी काचेच्या बशीतल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये ग्लुटामेटने उठणाऱ्या कॅल्शियमच्या लाटा दाखवल्या. त्या दोन शोधपत्रांच्या भेटीतून तुझा-माझा विषय जन्मला. पण तीव्रतेला किंमत आहे. मेंदू साधारण १०० मिलिवॉटमागे १.८ अंश सेल्सियसने तापतो. शिवाय लेझर जास्त झाला की ॲस्ट्रोसाइट त्या प्रकाशानेच कॅल्शियम सोडतात. त्या लाटा सुंदर दिसतात आणि त्या तू निर्माण केलेल्या असतात. ९२० नॅनोमीटरवर, वरच्या थरांत, मी ३० मिलिवॉटच्या आसपास राहते. तेवढ्यात दिसत नसेल तर खिडकी धुरकट आहे किंवा डिटेक्टरपर्यंत प्रकाश पोचत नाही, तिथे शोध. ऑब्जेक्टिव्हखालचं पाणीही गार नको. उघड्या खिडकीखालचा मेंदू आधीच शरीरापेक्षा थंड झालेला असतो.

सॉफ्टवेअरचं उत्तर : न्यूरॉनचं चालणार नाही. ते गोल शरीरं शोधतं आणि प्रत्येकाची एक सरासरी रेघ काढतं. ॲस्ट्रोसाइटचं शरीर जेमतेम दहा मायक्रॉन, पण तिचा पसारा पन्नास-एक मायक्रॉनचा, स्पंजासारखा, आणि उंदराची एक पेशी अंदाजे लाखभर सिनॅप्सना, म्हणजे न्यूरॉनमधल्या जोडांना, शिवते. बहुतेक कॅल्शियम उठतो तो या बारीक फांद्यांत, शरीरात फार थोडा. हा मुद्दा केवळ तंत्राचा नाही, त्यावर दहा वर्षं भांडणं झाली आहेत. आयपी३आर२ हा साठ्याचा दरवाजा काढून टाकलेले उंदीर तयार झाले, त्यांच्या ॲस्ट्रोसाइटच्या शरीरात कॅल्शियम उठेना, तरी सिनॅप्स नीट चालत होते. मग अनेकांनी म्हटलं, हा कॅल्शियम बिनकामाचा. २०१५ मध्ये त्याच उंदरांच्या फांद्यांत बारकाईने पाहिल्यावर तिथे कॅल्शियम उठत होता असं दिसलं. ज्या जागी कोणी मोजलंच नव्हतं तिथेच तो होता.

म्हणून तू घटना मोज : कुठे सुरू झाली, किती पसरली, किती टिकली, कुठे विझली. त्यासाठी २०१९ मध्ये आलेलं ॲक्वा हे साधन मोफत आहे. शक्य झालं तर पेशीच्या पडद्याला चिकटणारा एलसीके-जीकॅम्प वापर, फांद्या त्यात स्वच्छ दिसतात. मात्र अगदी टोकाच्या फांद्या प्रकाशाच्या विभेदनाहून बारीक असतात. एका पिक्सेलमध्ये अनेक फांद्या आणि शेजारचा न्यूरॉनचा गुंता एकत्र येतो, हे लिहिताना विसरू नकोस. चित्रं सेकंदाला एक-दोन पुरतात असं जुने लोक सांगतील. मोठ्या लाटेसाठी पुरतात. फांद्यांतल्या काही घटना सेकंदाच्या आत उठतात, त्यासाठी निदान दहा हव्यात.

सर्वांत मोठा धोका हालचालीचा. उंदीर धावतो तेव्हाच लाट येते आणि तेव्हाच मेंदू वर-खाली सरकतो. बाजूचं सरकणं संगणक दुरुस्त करतो, खोलीतलं नाही. एक उजळ फांदी दोन मायक्रॉन वर आली की आलेखात अस्सल कॅल्शियमसारखी उभी राहते. त्याच पेशींत टीडीटोमॅटो हा लाल, कॅल्शियमला न जुमानणारा रंग घाल. लाल आणि हिरवं एकत्र हललं तर ती हालचाल. रक्तवाहिनीजवळ जास्त सावध राहा : वाहिनी फुगली की ऊती ढकलली जाते, आणि हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषत असल्यामुळे खालच्या पेशी मंदावल्यासारख्या भासतात. मूळ पातळी काढताना उंदीर शांत उभा असतानाचाच काळ घे.

आणि एका उंदराच्या साठ पेशी म्हणजे साठ नमुने नव्हेत. फटाक्याला त्या सगळ्या एकाच वेळी उठल्या होत्या, ते एकच निरीक्षण होतं. नमुना म्हणजे उंदीर. सहा उंदीर असतील तर तुझी संख्या सहा.

तू पत्राच्या शेवटी विचारलं आहेस की एवढं करून या पेशी खरंच काही करतात का. २०१९ मध्ये झेब्रा माशाच्या पिल्लांवर झालेलं काम मला यात सर्वांत पटतं. मासा आभासी पाण्यात पोहतो, पण दृश्य पुढे सरकतच नाही. काही प्रयत्नांनंतर तो पोहणं सोडून देतो. तेवढ्या वेळात वाया गेलेल्या प्रत्येक प्रयत्नागणिक त्याच्या ग्लियामधला कॅल्शियम साठत गेलेला असतो, नॉरॲड्रेनालिनच्या इशाऱ्यावर. ग्लिया बंद पाडल्या तर मासा थांबत नाही. त्या मुद्दाम उठवल्या तर तो विनाकारण थांबतो. हे फक्त जाग्या, काहीतरी करू पाहणाऱ्या प्राण्यातच दिसू शकलं.

आता तुझ्याकडे जो उंदीर आहे त्याला फुकट घालवू नकोस. त्याला पंधरा दिवस चाकाची सवय लाव. मग भुलीविना, कमी लेझरवर, दहा मिनिटं नुसतं पाहा. त्यानंतर गालावर हवेचे झोत, दोन झोतांमध्ये निदान दोन-तीन मिनिटं. सगळ्या पेशी झोतानंतर दोनेक सेकंदांनी एकत्र उजळल्या तर विषाणू उत्तम आहे. दुसऱ्या दिवशी समितीच्या परवानगीत बसत असेल तर प्राझोसिन देऊन तेच पुन्हा कर. त्याने नॉरॲड्रेनालिनचा अल्फा-१ रिसेप्टर बंद होतो आणि ती मोठी लाट जवळपास नाहीशी व्हायला हवी, फांद्यांतली किरकोळ लुकलुक मात्र राहील. जाग्या उंदरातही झोताला काहीच उठलं नाही, तर मग काप करून विषाणू पोचला का ते बघ. ती फाइल मला पाठव, चाकाच्या आणि बाहुलीच्या नोंदीसकट. त्या नोंदींशिवाय मला तुझ्या आलेखाबद्दल काही सांगता येणार नाही.